पट्टेरी नकाशा

नसलेल्या गावाचा रस्ता विचारणे हा आमच्या सरांचा छंद होता. लोक संध्याकाळी रंकाळ्यावर हवा खायला जातात, भेळ खातात, पोरांना फुगे घेऊन देतात. सर तिथं जाऊन एखाद्या भल्या माणसाला गाठायचे आणि थकल्याभागल्या आवाजात विचारायचे, "पावणं, बोडकेमाळ कुठं आला वो?"

बोडकेमाळ नावाचा माळ कोल्हापूर जिल्ह्यात सोडाच, भूतलावर नाही. तो सरांनी घरी बसून तयार केला होता. पण कोल्हापूरचा माणूस रस्ता विचारणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवील तर शपथ! "बोडकेमाळ व्हय? ह्या रस्त्यानं सरळ जावा. पिंपळ लागंल. पिंपळाला वळायचं न्हाय. म्होरं दूध डेअरी लागंल, तिथनं डाव्या अंगाला." एवढ्यात शेजारचा तोंड घालायचा, "आरं डाव्या न्हवं, उजव्या! माझी मेव्हणी दिलीया की तिथं." मग त्या दोघांची जुंपायची आणि सर बाजूला उभे राहून मोठ्या समाधानानं ऐकत राहायचे.

त्यांना खरं तर हवा असायचा तो "मला माहीत न्हाय बा" म्हणणारा माणूस. असा माणूस क्वचित गळाला लागायचा. लागला की सर त्याचा दंड धरून त्याला थेट दूध कट्ट्यावर न्यायचे आणि म्हशीच्या ताज्या दुधाचा भलामोठा पेला त्याच्या हातात द्यायचे. का, ते सांगायचे नाहीत. एकदा एका बिचाऱ्यानं अर्धा पेला पिऊन झाल्यावर सरांकडं संशयानं बघितलं. "पावणं, आधीच सांगतो, मी कुठल्या स्कीमात पडत न्हाय," असं म्हणून तो उरलेलं दूध तसंच ठेवून जो पळाला, तो चप्पल हातात घेऊनच. सर हसून हसून कट्ट्यावर बसले. राहिलेलं दूध मला प्यावं लागलं.

मीही त्यांच्या गळाला अशीच लागलेली. इचलकरंजीत वाढलेली, वडील यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे दिवसभर खडखडाटात माग दुरुस्त करणारे, त्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलणारे. कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या सरांच्या कंपनीत मुलाखतीला आले. कंपनी म्हणजे एका लेथच्या वर्कशॉपवरच्या दोन खोल्या. खाली मशीन चालू झालं की वर चहाच्या कपाला कंप सुटायचा. मी रात्र रात्र जागून उत्तरं पाठ केली होती. सरांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. खिडकीतून दूर एक डोंगर दिसत होता, तिकडं बोट करून म्हणाले, "त्याच्या पल्याड काय हाय?"

"माहीत नाही. मी कधी गेले नाही तिकडं," मी म्हटलं आणि नोकरी गेली असं समजून पर्स उचलली.

सर दाराकडं तोंड करून ओरडले, "सुकुमार! हिला टेबल द्या!"

सुकुमार म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना माणूस. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातला, शांत, काटेकोर, सूर्यास्ताच्या आत जेवणारा आणि कधीही आवाज न चढवणारा. त्यानं मला टेबल दिलं, खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "काय म्हणालात? माहीत नाही म्हणालात ना? मीपण तेच म्हणालो होतो."

सर हवाई दलातून निवृत्त झालेले. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस 'मेजर'. तो पायदळात असो, नौदलात असो नाहीतर तिथं भटारखान्यात असो. सरांच्या गल्लीतही त्यांना मेजरच म्हणत. "मी मेजर न्हाय, मी विमानातला," असं त्यांनी सुरुवातीला सांगून बघितलं. "विमानातलं मेजर," असं गल्लीनं सुधारून घेतलं. त्यात ते पायलटही नव्हते, नॅव्हिगेटर होते. पायलट विमान चालवतो आणि आपण नेमके कुठं आहोत, पुढं काय आहे, हे त्याला सांगणारा तो नॅव्हिगेटर. हे शेजारच्या आजोबांना समजावून सांगितल्यावर आजोबांनी थोडा विचार केला. "म्हंजे तुमी विमानात कंडक्टर हुता व्हय?" सर म्हणाले, "व्हय, पर तिकिटं फाडत नव्हतो."

निवृत्त झाल्यावर लोक फार्महाऊस बांधतात. सरांनी डबा बांधायला घेतला. लष्कराच्या हेलिकॉप्टरला आणि विमानाला पुष्कळदा अगदी खालून उडावं लागतं. शत्रूच्या रडारला दिसू नये म्हणून डोंगराच्या आडोशानं, दरीदरीनं जायचं. पण आडोशाचा डोंगर अंगावर यायला कितीसा वेळ लागतो? ढग आले, अंधार झाला की समोर काय आहे ते दिसत नाही. सरांचा डबा अशा वेळी सावध करणारा होता. त्याच्या पोटात सगळ्या मुलखाच्या उंच-सखलपणाचा नकाशा. आपण कुठं आहोत हे तो उपग्रहावरून ओळखायचा आणि आहे तसंच पुढं गेलो तर कुठं आदळू का, याचा सतत हिशेब करायचा. पडद्यावर धोक्याचा डोंगर लाल, जवळचा पिवळा, बाकी हिरवं. फारच जवळ आलं की बोलायचा.

आता असले डबे जगात पुष्कळ आहेत. आमच्या डब्यात नवीन काय होतं, तर पट्टे.

जमिनीची उंची आकाशातून रडारनं मोजतात आणि ते रडार तिरकं बघतं. आमच्या घाटाचे कडे सरळ तुटलेले. कड्याच्या आड काय आहे ते त्याला दिसत नाही, जसं कपाटामागं काय पडलंय ते दारातून दिसत नाही. तिथं नकाशात भोक राहतं. भोकाचा नकाशा कोण विकत घेणार? म्हणून आजूबाजूच्या उंचीवरून अंदाज बांधून ते भोक बुजवतात आणि वर छान हिरवा रंग फासतात. सरांना या गोष्टीचा भयंकर राग. "न बघता रंगवलंय की ह्यांनी! बोडकेमाळाचा रस्ता सांगितलाय नुसता!" त्यांनी आम्हाला असली प्रत्येक बुजवलेली जागा शोधून काढायला लावली आणि तिथं रंग काढून काळे-पांढरे पट्टे मारायला लावले. हेलिकॉप्टर पट्ट्यांकडं निघालं की डबा म्हणायचा, पुढची माहिती नाही.

सुकुमार एकदा पडद्याकडं बघून म्हणाला, "सर, गगनबावड्यापाशी आपला नकाशा सतरंजीसारखा दिसतोय."

"दिसू दे. सतरंजीवर माणूस जपून पाय टाकतो," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, सतरंजीवर माणूस झोपतो." त्यावर ते माझ्यावर दुपारपर्यंत रुसले.

ऑफिसात आणखी एक शिस्त होती. कुणीही काहीही सांगितलं की सर विचारायचे, "बघितलंस का ऐकलंस?" यामुळे आमच्याकडं कुचाळक्यांचा धंदा पार बसला. मी एकदा उत्साहानं सांगायला लागले, "सर, खालच्या वर्कशॉपवाल्याच्या पोरीचं लग्न मोडलं म्हणे!" सरांनी प्रश्न टाकला. मी म्हटलं, "ऐकलं." "मग पट्टे मार त्येच्यावर," म्हणून ते कामाला लागले. आणि खरंच महिन्याभरात त्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली. आम्ही सगळे जेवूनही आलो.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, या सगळ्याला पुरून उरलेल्या होत्या. त्या फोन करायच्या, "जेवायला कधी येताय?" सर गंभीरपणे सांगायचे, "आठ ते नऊच्या मधी. साडेआठ धरून चाल, पर खात्री देत न्हाय." काकू म्हणायच्या, "भाकरी गरम मिळंल का न्हाय, त्येची मी बी खात्री देत न्हाय." साडेआठच्या ठोक्याला सर जिना उतरलेले असायचे.

विजेच्या तारा हा आमचा खरा शत्रू. डोंगर निदान जागचा हलत नाही. तार आज नसते आणि उद्या असते, आणि खालून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पायलटला ती अगदी नाकाशी येईपर्यंत दिसत नाही. आकाशातल्या रडारलाही ती सापडत नाही. म्हणून आमच्याकडं 'तारेची फेरी' असायची. दोघांनी जुनी जीप घेऊन घाटाकडच्या गावांत हिंडायचं, वायरमनला गाठायचं, चहा पाजायचा, नवे पोल कुठं उभे राहिले ते विचारायचं. विचारून भागायचं नाही, जाऊन बघायचं. बघितल्याशिवाय नकाशात तार काढायची नाही आणि बघितल्याशिवाय तिथं काही नाही असंही म्हणायचं नाही.

त्याच जीपमध्ये डब्याचीही परीक्षा व्हायची. जमिनीवरून चाललेल्या जीपला डब्यानं हेलिकॉप्टर समजावं म्हणून आपण बरेच उंचावरून उडतोय, असं त्याला आधी खोटंच सांगून ठेवावं लागे. सर मागच्या सीटवर डोक्यावरून टॉवेल घेऊन, फक्त पडदा बघत बसायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "उजवीकडं टेकडी. म्होरं खिंड." एकदा सुकुमार ते खोटं सांगायला विसरला. कोडोलीकडून येताना कारखान्याच्या रांगेत उसाच्या ट्रॉल्यांमध्ये आम्ही अडकलो आणि डब्याला वाटलं, आता हेलिकॉप्टर जमिनीवर आपटणार. अधिकृत डबा इंग्रजी बोलायचा, पण हा चाचणीचा होता. त्यात माझाच आवाज भरलेला होता, आणि तोही सरांच्या हुकमावरून अस्सल. "आवो, वर घ्या की! वर घ्या!" माझा इचलकरंजीचा गळा. डबा काही थांबेना. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं आधी आभाळाकडं बघितलं, मग जीपमध्ये टॉवेल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघितलं. "ताई," तो मला म्हणाला, "आज्जाला दवाखान्यात न्यायला लागलाय व्हय? जावा म्होरं!" आणि त्यानं ट्रॉली बाजूला घेऊन आम्हाला वाट करून दिली. टॉवेलाखालून आवाज आला, "इचारलं तरी त्येनं. ह्येला दूध पाजाय पायजे."

असे दिवस मजेत चालले होते, पण डबा अजून कुणी घेतला नव्हता. शेवटी लष्कराकडून चाचणी ठरली. दोन कंपन्या शर्यतीत, एक आम्ही आणि एक मोठ्या शहरातली. त्यांचा पडदा आम्ही एका प्रदर्शनात बघून आलो होतो. काय देखणा! एक भोक नाही, एक पट्टा नाही, सगळं हिरवंगार. ही चाचणी गेली तर गाशा गुंडाळायचा, हे सरांनी आम्हाला आधीच सांगून टाकलं होतं. दोन खोल्यांतल्या सगळ्यांच्या नोकऱ्या आणि सरांची निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्या एका दिवसावर होती.

आदल्या दिवशी सुकुमार आणि मी मिळून त्यांच्यापुढं उभे राहिलो. सुकुमार म्हणाला, "सर, चाचणीपुरते पट्टे झाकू. नंतर परत लावू." मी म्हटलं, "मुलगी दाखवताना कुणी तिच्या पायातली भोवरी दाखवतं का?"

सर म्हणाले, "भोवरी पायलटच्या पायात न्हाय, डोंगरात हाय. आदळणार त्यो." आणि आम्हाला घरी पाठवलं.

दिवाळी होऊन गेलेली, गळिताचा हंगाम लागलेला. सकाळी विमानतळावर हेलिकॉप्टर आलं. पायलट मिशी बारीक कातरलेला, बोलण्यात काटकसरी. सर वयानं आणि हुद्द्यानं मोठे म्हणून तो त्यांना 'सर' म्हणत होता, पण चेहरा परीक्षकाचा. मागं सर आणि मी. डब्याला जोडलेला लॅपटॉप सांभाळायचा म्हणून मला घेतलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच उडत होते. अट अशी होती की ठरलेला सगळा मार्ग ठरलेल्या कमी उंचीवरूनच पुरा करायचा. मध्येच वर चढून डोंगर टाळला तर चाचणी अपुरी.

उसावरून आम्ही असे गेलो की तुरे हातात येतील. पन्हाळ्याची धार जवळ आली, डब्यानं वेळेवर सांगितलं, पायलटनं वळण घेतलं. न पुढं, न मागं, नेमकं. त्यानं अंगठा वर केला. मी सरांकडं बघितलं, तर ते खिडकीतून खालच्या म्हशी मोजत होते. पुढं सगळं असंच झकास. मनातल्या मनात मी पेढे वाटून मोकळी झाले.

गगनबावड्याच्या अलीकडं मार्गातली शेवटची दरी होती. डोंगरमाथ्यावर ढग उतरलेले. दरी वळणापर्यंत स्वच्छ दिसत होती, वळणाच्या पुढं काही नाही. आणि पडद्यावर त्या वळणापासून पुढं आमचे पट्टे! डबा बोलला, पुढची माहिती नाही.

पायलटनं दरीच्या तोंडाशी हेलिकॉप्टर अधांतरी उभं केलं. कानातल्या फोनवर त्याचा आवाज आला. तो हिंदीत विचारत होता, "सर, तुम्ही तर इकडचेच. वळणाच्या पलीकडं काय आहे?"

सरांचं आजोळ याच दरीच्या वरच्या अंगाला. लहानपणी त्यांनी तिथं गुरं राखलेली. एक शब्द बोलायचा होता, 'मोकळी'. तो शब्द बोलला की दोन मिनिटांत दरी पार, चाचणी पुरी. मी सरांकडं अशी बघत होते की दगडालाही पाझर फुटावा.

"माहीत नाही," सर म्हणाले. "पावसाळ्याआधी मी आलो होतो, तेव्हा दोन्ही बाजूंना पोलांसाठी खड्डे खणत होते. तार ओढली की नाही, मी बघितलेलं नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वाटण्याचं मला विचारू नका."

मग पायलटनं हेलिकॉप्टर वर घेतलं आणि आम्ही कोल्हापूरला परत आलो. उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "अपुरी." सरांना सलाम केला आणि निघून गेला. सुकुमारला सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. तो त्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवायचं विसरला आणि उपाशीच झोपला. सर मात्र विमानतळावरून सरळ मिसळ खायला गेले. जादा कट, म्हणजे तिखट रस्सा, मागून घेतला म्हणे. हे मी ऐकलं, बघितलं नाही, कारण माझा संताप अनावर झाला होता आणि मी त्यांच्याबरोबर गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राहत होते त्या खोलीखाली जीपचा हॉर्न. सर खालून ओरडले, "चल, बघून येऊ!"

मी तोंड फुगवून जीपमध्ये बसले. सरांना त्याचा पत्ताच नव्हता. ते वाटेतल्या प्रत्येक पोलाकडं बघून मान डोलवत होते. दरीच्या तोंडाशी पोचलो तर गवतात सिमेंटचे पोल आडवे पडलेले आणि एका पोलावर बसून एक वायरमन तंबाखू मळत होता.

"पावणं, तार ओढली न्हाय व्हय अजून?" सरांनी विचारलं.

"कशाची तार? कंत्राटदार दिवाळीला गावाकडं गेलाय, त्यो काय आला न्हाय. फुडल्या म्हैन्यात वडतील."

"वळणाच्या म्होरं?"

"तिकडं बी न्हाय की."

"बघितलंस का ऐकलंस?"

वायरमननं तंबाखू तोंडात टाकली. "ऐकलं," तो म्हणाला.

झालं! सर चालायला लागले. त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, वाट दगडाधोंड्यांची, आणि माझ्या पायात ऑफिसची सपाट चप्पल. वळण आलं, वळण गेलं. पुढं दरी चांगली लांबलचक. सर दर थोड्या वेळानं थांबून, डोळ्यांवर हात धरून या कड्यापासून त्या कड्यापर्यंत आभाळ नीट न्याहाळायचे. शेवटच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. तिथं काय होतं? गवत कापणाऱ्या दोन बायका, एक म्हैस, आणि वर निळंभोर मोकळं आभाळ. एक तार नाही, एक पोल उभा नाही.

"काय न्हाय!" सरांनी टाळी वाजवली. "मोकळी! झ्याक मोकळी!"

आणि माझा बांध फुटला. "सर, काहीच नाहीये इथं! काल नुसतं 'जा' म्हणाला असता तर आपण सुखरूप पार गेलो असतो! तिकडं सुकुमार जेवला नाही, सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?" माझा आवाज कड्यावर आपटून परत आला. गवतवाल्या बायका कापायचं थांबून बघायला लागल्या.

सर एका दगडावर बसले. गुडघा चोळत म्हणाले, "बस."

मी बसले नाही.

"ईशान्येला हुतो तवाची गोष्ट," ते म्हणाले. "चौक्यांना रसद टाकायला जायचो, अशाच दऱ्यांतनं, खालनं. एक दिवस ढगात शिरलो. पायलटनं विचारलं, डोंगर मागं पडला का? माझ्या हिशेबानं पडला हुता. बघितला नव्हता, हिशेबानं. मी म्हटलं, पडला. त्येनं विमान खाली घेतलं."

"मग?"

"मग काय! झाडाचा शेंडा चाकात अडकून आला. हिरवागार. उतरल्यावर समद्यांनी बघितला. कुणाला खरचटलं बी न्हाय." ते जरा थांबले. "पायलट माझा दोस्त हुता. माझ्या लग्नात नाचलेला. पर त्या दिवसापास्नं त्यो मला हर गोष्ट दोनदा विचारायचा. आपण नदीवर आलो का? आलो. खरंच आलो न्हवं? माझी बदली हुस्तवर दोनदा विचारत ऱ्हायला. रागावला असता तर परवडलं असतं. ह्ये लई लागलं बघ मला."

मग मी बसले. एवढ्या वर्षांत सरांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. गवतवाल्या एका बाईनं आम्हाला प्यायला पाणी दिलं.

परत फिरून दरीच्या तोंडाशी, जीपपाशी आलो तेव्हा फोनला रेंज आली आणि लगेच सरांचा फोन वाजला. विमानांच्या आवाजानं त्यांचे कान अधू झालेले, त्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर टाकूनच बोलायचे. पायलटचा आवाज होता.

"सर, दरी बघायला गेला असाल असं वाटलं, म्हणून फोन केला. मी अजून वर काही कळवलेलं नाही. काय आहे वळणामागं?"

सर ताठ उभे राहिले. "काही नाही. पोल जमिनीवर पडलेत, तार ओढलेली नाही. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत चालत जाऊन बघितली. आत्ताच आलो."

आता तो पुन्हा विचारणार, हे मला ठाऊक होतं. कुणीही विचारलं असतं. त्या तारेवर त्याचा जीव टांगलेला होता.

"ठीक आहे," पायलट म्हणाला. "परवा सकाळी येतो. दरीतूनच जाऊ." आणि फोन बंद झाला.

सर फोन हातात घेऊन उभेच. वायरमन पोलावर बसून आमच्याकडं बघत होता. मी सरांच्या तोंडाकडं बघितलं, तर त्यांचे डोळे भरलेले.

"अगं," ते म्हणाले, "त्येनं एकदाच विचारलं."